भिंगरीचा उजवा डोळा

माझा धाकटा भाऊ एका जागी स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लहानपणी केस कापायला नेला की एक तरी कान रक्ताळून घरी यायचा. त्याच्या लग्नाच्या फोटोत आमची भावजय छान दिसते, मी दिसते, मागे उभे असलेले शेजारीसुद्धा ओळखू येतात, फक्त नवरदेवाच्या जागी एक पुसट पट्टा आहे. फोटोग्राफर बिचारा 'हलू नका, हलू नका' म्हणून थकला आणि शेवटी त्याने हात टेकले. जेवताना याचा पाय हलतो, बोलताना हातातली किल्ली फिरते, आणि हा आजारी पडला की त्याच्या मागे धावून आम्हालाच झोपायची वेळ येते. लोकांनी त्याचं नाव भिंगरी पाडलं ते काही उगाच नाही. मीही तेच म्हणते. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नाही.

भिंगरी वेल्डर आहे. माझी खानावळ गल्लीच्या या बाजूला, त्याचं वर्कशॉप समोर. मधला रस्ता म्हणाल तर एक हातगाडी जाईल एवढाच. खानावळीच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि भावजय राहतात. वर्कशॉपमधली सगळी माणसं दुपारी माझ्याकडेच जेवतात, त्यामुळे कोणाचं बोट भाजलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं मला ताटावरच कळतं.

या वेल्डिंगवाल्यांची एक खोड आहे. दोन लोखंडं जोडायची तर आधी ती जागच्या जागी राहावीत म्हणून एक छोटा ठिपका जोडून घेतात. त्याला टाका म्हणतात. आता काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर घेतला की ठिणगी पेटेपर्यंत पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि तेवढ्यात हात हलून लोखंड सरकतं. म्हणून हे शहाणे काय करतात, तर मुखवटा घेतच नाहीत. जागा नीट बघायची, डोळे घट्ट मिटायचे, मान फिरवायची आणि चर्र करून टाका मारायचा. सगळेच करतात. पण बाकीचे निदान ठिणगी विझेपर्यंत डोळे मिटून थांबतात. आमच्या भिंगरीला तेवढाही दम कुठला! टाका नीट बसला की नाही हे बघायची घाई. उजेड विझायच्या आधी याचे डोळे उघडलेले.

त्याची शिक्षा मग काही तासांनी मिळते. चमक लागते म्हणतात ते. डोळ्यांत मूठभर वाळू कोणी घातल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. अशी चमक भिंगरीला कितीदा लागली असेल याचा हिशोबच नाही. ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन तो खोलीत येरझाऱ्या घालायचा, भावजय पाठोपाठ 'अहो, बसा, अहो, बसा', आणि दुसऱ्या दिवशी स्वारी परत कामावर. आम्हाला त्याची सवयच झाली होती.

मग तो गोल जिना आला. समोर वर्कशॉपमध्ये तयार करून एका वाचनालयात बसवायचा होता, खालून वर गिरकी घेत जाणारा. गोल जिना जमणारा आमच्या भागात भिंगरी एकटाच. प्रत्येक पायरी धरायची, मागे जाऊन बघायची, जरा फिरवायची, टाका मारायचा, पुन्हा मागे जाऊन बघायचं. म्हणजे नुसते टाकेच टाके. त्यात ग्राइंडरने घासताना लोखंडाचा एक बारीक कण उजव्या डोळ्यात उडाला. आधीच चमक लागलेली, वर तो कण. तेव्हा मात्र तो मुकाट्याने डोळ्याच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी दोन थेंब टाकले आणि सुईच्या टोकाने कण काढला. बाई बोलायला फटकळ, पण हात हलका. मलम दिलं, पट्टी बांधली आणि घरी बसायला सांगितलं. भिंगरी परत आला तो हवेतच. "ताई, काय थेंब होते गं! टाकले आणि डोळा माझा नाहीच! सुई लावली तरी कळलं नाही!" हेच तो ताटावर बसून तीनतीनदा सांगत होता. मी म्हटलं, "थेंबांचं कौतुक पुरे, घरी बस म्हणाल्यात ना?" तर म्हणे, "बसतो की." आणि दुपारी पट्टी खिशात घालून समोर जिन्यावर चढलेला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने माझी झोप उडवली. डोळा बरा होईना. आधी लाल, मग लालभडक, पापणी सुजलेली. बुबुळावर पांढरट धुकं दिसायला लागलं. भावजय त्याला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. बाईंनी औषध बदललं, मग आणखी बदललं, डोळ्यातला नमुना घेऊन तपासायला पाठवला. त्यात काही सापडेना. बाई म्हणाल्या, "एवढ्या औषधाने आतापर्यंत भरून यायला हवं होतं. मला हे काही पटत नाही." भावजयीचा जीव टांगणीला. दिवसातून दहादा खाली यायची. "वन्सं, आज जास्त पांढरं दिसतंय का हो? तुम्हीच बघा ना." मी बघायची आणि 'तसंच आहे' म्हणायची. तसंच नव्हतं. वाढत होतं.

आणि भिंगरी? भिंगरी मजेत! "दुखतंय का रे?" विचारलं की, "छे गं, काही दुखत नाही." शिटी वाजवत गल्ली ओलांडायचा. एवढा सुजलेला डोळा आणि दुखत नाही! साधी चमक लागली तर घर डोक्यावर घेणारा माणूस हा. माझ्या मनात कुठेतरी खुटखुटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. भाजी ढवळताना तेच, भांडी मोजताना तेच. कोणाला वाढलंय आणि कोणाला नाही याचंही भान राहीना. एक-दोघांना मी दोनदा भात वाढला आणि एकाला वाढलाच नाही. तो बिचारा शेवटपर्यंत वाट बघत बसला.

एके सकाळी मी कांदे चिरत होते. खानावळीचे कांदे म्हणजे टोपलीभर. त्या दिवशीचे कांदे इतके जहाल निघाले की भावजय निवडायला बसली होती ती पदराने डोळे पुसत उठून गेली, दूधवाला दारातूनच मागे सरकला. माझ्या तर धारा लागल्या होत्या. भिंगरी चहाचा कप घेऊन समोर येऊन बसला. बसला म्हणजे काय, एक पाय दारात, एक आत. जिन्याच्या वरच्या कठड्याबद्दल काहीतरी सांगत होता. मी डोळे पुसून वर बघितलं.

त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. नाकाच्या बाजूने ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. आणि उजवा डोळा, तो लालबुंद, सुजलेला, ज्याला वाऱ्यानेसुद्धा झोंबायला हवं, तो कोरडा ठणठणीत. पापणीसुद्धा लवत नव्हती.

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी अर्धा कांदा उचलला आणि सरळ त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरला.

"काय करतेस ताई?"

"झोंबतंय का?"

"नाही. का?"

"मेल्या, का म्हणून मला विचारतोस? डोळ्यात काय घालतोस ते सांग!"

तो चहाकडे बघायला लागला. मी उठले आणि त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. किल्ली, पेन्सिल, चुरगळलेली पट्टी, आणि एक बोटभर प्लास्टिकची बाटली. घामाच्या हातांनी धरून धरून तिच्यावरचं लेबल पार पुसलेलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ही बाटली वर्कशॉपमध्ये आधीपासूनच होती. कोणीतरी कधीतरी कुठूनतरी आणलेली, संपली की दुसरी यायची. चमक लागली की दोन थेंब टाकायचे आणि पुन्हा कामाला लागायचं. तिला ते लोक गारवा म्हणत. 'गारवा दे रे जरा.' भिंगरीने तोवर तो कधी घेतला नव्हता, मान मागे टाकून बसणार कोण! डॉक्टरीणबाईंनी टाकलेले बधिर करायचे थेंब आणि हा गारवा एकच, हे भिंगरीने पहिल्या थेंबालाच ओळखलं होतं, आणि दवाखान्यातून आल्यापासून तो दिवसभर तेच टाकत होता. थेंबांचा असर उतरला की डोळा आधीपेक्षा जास्त पेटायचा, म्हणून पुन्हा टाकायचा. आधी तासातासाने, मग पायरीपायरीला.

"आणि बाईंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढून घेतली असती ना," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कांदे तसेच टाकले, हात पुसला आणि त्याच हाताने त्याचा दंड धरून दवाखान्यात नेला. रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावत होती. बाईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

"बुबुळावर काचेसारखा एक पातळ पडदा असतो," त्या भिंगरीला म्हणाल्या. "तुमच्या त्या पडद्याची वरची साल गेलीय. ती आपोआप भरून येते. पण हे थेंब टाकले की येत नाही, उलट आणखी निघते. वर तुम्हाला दुखत नाही म्हणून तुम्ही धुळीत जाता, डोळा चोळता, काय काय करता. मी मात्र इथे जंतू शोधत बसलेय!"

"मग आता?" मी विचारलं.

"आता हे बंद. एक थेंबसुद्धा नाही. पुढचे काही दिवस भयंकर दुखेल, आणि ते सोसावं लागेल. गोळ्या देते, पण त्या पुरणार नाहीत. फूल, म्हणजे पांढरा डाग, पडणार हे नक्की, मधोमध नजरेच्या आड पडतं की कडेला ते बघू. पण पुन्हा थेंब टाकलेत तर पडद्याला भोक पडेल. मग डोळा गेला म्हणूनच समजा."

येताना भिंगरीकडे बघितलं तर त्याची किल्लीसुद्धा फिरत नव्हती.

थेंबांचा असर उतरला आणि आमच्या घरात जे सुरू झालं ते वैऱ्यावरही येऊ नये. मी खाली स्वयंपाक करत होते आणि माझ्या डोक्यावर त्याच्या येरझाऱ्या. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मधेच काहीतरी आपटल्याचा आवाज, मधेच भावजयीचं 'अहो, अहो'. फोडणी टाकताना कान वरतीच. पावलं जोरात पडली की वाटायचं, आता भिंतीवर डोकं आपटून घेतो की काय. मी वर गेले की हात जोडायचा. "ताई, दोनच थेंब. आजच्यापुरते. उद्यापासून नाही." पन्नाशीला आलेला माणूस लहान मुलासारखा माझा पदर धरून रडत होता, आणि रडतानाही पाणी एकाच डोळ्यातून. मी नाही म्हणायची, खाली यायची आणि भांड्यांवर राग काढायची. वर खिडकीतून समोरच्या जिन्याचे आवाज यायचे. त्या दुखण्यातही तो ओरडायचा, "वरची पायरी वाकडी चाललीय रे! आवाजावरून कळतंय!"

एका दुपारी, ऐन जेवणाच्या वेळेआधी, डोक्यावरची पावलं थांबली.

आधी बरं वाटलं. झोप लागली असेल. मग लक्षात आलं, हा झोपला तरी खाट करकरते. मी मळती कणीक टाकून वर धावले. भावजय न्हाणीघरात कपडे धूत होती, खाट रिकामी, मागचं, बाहेरच्या पायऱ्यांचं दार उघडं. मी तशीच पिठाच्या हातांनी गल्ली ओलांडली.

वर्कशॉपमध्ये पाइपांच्या चळतीवर भिंगरी बसला होता, मान मागे टाकून. त्याच्या डोक्यापाशी म्हातारा मिस्त्री उभा. एका हाताने पापणी उघडलेली, दुसऱ्या हातात बाटली, बाटलीच्या तोंडाशी थेंब लोंबतोय.

"खबरदार!"

मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा चिरला. भिंगरी दचकला आणि त्याची मान गर्रकन फिरली. थेंब गालावर पडला. जन्मभर ज्याला 'हलू नको' म्हणून आम्ही मेलो, तो हलला म्हणून वाचला.

मिस्त्री खाली बघून म्हणाला, "ताई, तो तळमळतोय. बघवत नाही हो."

"तुम्हाला बघवत नाही म्हणून त्याला जन्मभर दिसू नये का?"

  ही माणसं वाईट नाहीत. यातल्या एकेकाने भिंगरीसाठी रात्रीचा दिवस केला असता. पण गारवा मागितला आणि दिला नाही, असं त्या वर्कशॉपमध्ये कधी घडलंच नव्हतं. पाणी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं, तसंच त्यांना वाटत होतं. मला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणून राग आणखीनच वाढत होता.

"ऐका," मी म्हटलं. "जितक्या बाटल्या असतील तितक्या आत्ता माझ्या पदरात पडल्या पाहिजेत. एक जरी मागे राहिली तरी आजपासून खानावळ बंद. कोणालाही जेवण नाही. जा कुठे जायचं तिथे."

कोणीतरी घसा खाकरला. मग रॉडच्या डब्यातून एक बाटली निघाली. मशीनच्या मागून एक. गॅसने लोखंड कापणाऱ्याने वाकून मोज्यातून एक काढली. मिस्त्रीने हातातली दिली, जरा घुटमळला, आणि टोपीच्या घडीतून दुसरी काढून दिली. मी त्यांच्या देखत एकेक उघडून गटारात रिकामी केली. मागून दबक्या आवाजात प्रश्न आला, "मग ताई, जेवण वेळेवरच ना?"

भिंगरी तोवर उठून उभा राहिला होता. उजव्या डोळ्यावर हात धरून माझ्यावर ओरडला, "तुला काय जातंय! तुझा डोळा जळतोय का?"

तेव्हा मला रडू कोसळलं. सगळ्या वर्कशॉपसमोर, पिठाचे हात तोंडावर धरून मी रडले. आईच्या मागे मीच याला वाढवला. याचा एक डोळा जातोय आणि मी इथे शहाणपण शिकवत उभी आहे. मला त्याचं दुखणं घेता येत नव्हतं आणि थांबवायची मुभाही नव्हती.  मग भिंगरीने माझा हात धरला, आणि आम्ही गल्ली ओलांडून घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी चिराचिरी वर हलवली. सुरी, पाट, टोपली, सगळं त्याच्या खाटेशेजारी. त्याचे हात रिकामे राहिले की तो उठणार, म्हणून सोलायचं काम त्याच्याकडे. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने गळत गळत कांदे सोलायचा आणि मला शिव्या घालायचा. भावजय म्हणाली, "वन्सं, खोलीत झोपायचं कसं आम्ही? उशीलासुद्धा वास येतोय." पण हसली. किती दिवसांनी हसली.

दुखणं हळूहळू उतरलं. पट्टी निघाली. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या की साल कडेकडेने भरायला लागलीय, डाग राहील, पण मधोमध नाही. मग कापसाचं बारीक टोक त्यांनी बुबुळाला लावून बघितलं. डावा डोळा लगेच मिटला. उजवा उघडाच.  म्हणजे काय, मी विचारलं.

"दुखत होतं ते आतल्या सुजेचं. वरच्या पडद्याची संवेदना परत आली पाहिजे," त्या म्हणाल्या. "ती आली नाही तर आत्ता भरलेलं पुन्हा सुटेल. डोळ्याला काही कळलंच नाही तर तो स्वतःला सांभाळणार कसा? कधी येते, कधी येतही नाही. वाट बघायची."

वाट बघणं! भिंगरीला सांगताय! घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर टोपलीतला सगळ्यात मोठा कांदा काढून माझ्यापुढे ठेवला. "चीर."

मग रोज तेच. मी चिरायची, तो समोर मांडी घालून बसायचा, डोळे सताड उघडे. डोळा चोळायची बंदी, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. डाव्यातून धार लागायची. उजवा कोरडा. मी जहाल कांदे निवडून आणायला लागले, भाजीवाला मला वेड्यात काढायला लागला. खानावळीत त्या दिवसांत काय शिजलं असेल ते विचारू नका, ज्यात त्यात कांदा. जेवणारे कुरकुरले नाहीत. उलट ताटावर बसताना प्रत्येकजण मान वर करून विचारायचा, "आलं का पाणी?" मी मान हलवायची आणि वाढायला लागायची. मिस्त्री काही विचारत नव्हता. तो फक्त खाली मान घालून जेवायचा आणि जाताना स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचा.

त्या दिवशी मी मनातून हरलेच होते. सुरी नुसती चालली होती. समोर जिन्याचं शेवटचं काम चाललेलं, हातोड्यांचे आवाज, आणि तरी भिंगरी एका शब्दानेही त्यांच्या चुका काढत नव्हता. मला तेच आधी विचित्र वाटलं. मी वर बघितलं.

त्याचा उजवा डोळा बारीक झाला होता. पापणी फडफडत होती. खालच्या कडेला पाणी जमलं, थरथरलं आणि गालावरून खाली आलं.

"ताई," तो म्हणाला, "झोंबतंय गं."

"कुठल्या?"

"उजव्याच. लई झोंबतंय."

भावजय दारातून धावत आत आली. मी पुढचा कांदा घेतला आणि चिरला. "झोंबू दे," मी म्हटलं. "पुसू नकोस."

त्याने पुसलं नाही. दोन्ही डोळे वाहत होते, हात मांड्यांखाली होते, आणि पायाचं बोटसुद्धा हलत नव्हतं. टोपली रिकामी होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.